मिठी नदी: विहारच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत

सांडवा (धागाकर्ता)

दर वर्षी मे महिना आला की मुंबईच्या मिठी नदीवरची चर्चा "गाळ काढला का, किती टन काढला" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. नदी कुठून येते, कोणत्या टप्प्यात कशी वागते, हे कुणी मांडत नाही. म्हणून हा धागा. माहितगारांनी भर घालावी. राजकारण नको, त्यासाठी इतर धागे आहेत.

मुळात नदी लहान आहे. महापालिकेच्या हिशेबाने लांबी १७.८४ किमी, पाणलोट ७,२९५ हेक्टर. बोरिवली राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत पडणारं पाणी आधी तुळशी तलावात, तुळशी भरला की विहारमध्ये, आणि विहार भरला की सांडव्यावरून (तलावाचं जादा पाणी बाहेर पडायची वाट) खाली. पवई तलावाचं जादा पाणीही यालाच येऊन मिळतं. तिथून फिल्टरपाडा, मरोळ, विमानतळ, बैलबाजार, क्रांतीनगर, कुर्ला, मग वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून धारावीच्या कडेने माहीमच्या खाडीत. वाटेत जरीमरी, कृष्णानगर, सफेद पूल, वाकोला, चामडावाडी असे नाले मिळतात. त्यांतला वाकोला नाला म्हणजे जवळजवळ दुसरी नदीच.

माझ्या मते मिठीचे तीन तुकडे करून बोलायला हवं. डोंगरउताराचा, अडवलेला मधला आणि भरतीचा. तिन्हींचे रोग वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

जुना_पाटकरी

चांगला धागा. तलावांबद्दल थोडं.

विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, मुंबईला नळाने पाणी द्यायला. तुळशी १८७९ चा. पवई १८९० च्या आसपासचा, पण त्याचं पाणी पिण्यायोग्य नाही, ते उद्योगांना जातं. यातली महत्त्वाची गोष्ट बरेच जण विसरतात: विहारचा बांध घातला गेला त्या दिवसापासून मिठीचं डोंगराचं पाणी पावसाळ्यापुरतं उरलं. सांडवा वाहत नाही तोपर्यंत वरून थेंब येत नाही. म्हणजे ऑक्टोबर ते जून नदीत जे वाहतं ते जवळपास सगळं सांडपाणी. "नदी नाला झाली" असं म्हणताना हे लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात तिच्यात घाण विरळ करायला स्वच्छ पाणीच नसतं, त्यामुळे थोडं सांडपाणी आलं तरी पात्र काळं दिसतं.

आकडे देऊन ठेवतो. विहार ८०.१२ मीटरला ओसंडतो, क्षमता २,७६९.८ कोटी लिटर. तुळशी १३९.१७ मीटरला, क्षमता ८०४.६ कोटी लिटर. पवई साधारण ५४५ कोटी लिटर. पाणलोट: विहार १८.९६ चौ.किमी, तुळशी ६.७६, पवई ६.६१.

नवा_भाडेकरू

विहार ८० मीटर उंचीवर? मग पाणी कुर्ल्यात साचायलाच नको, उतार भरपूर आहे की.

सांडवा

ते ८०.१२ समुद्रसपाटीपासून नाही. महापालिका पातळी मोजते ती टाऊन हॉल डेटमवरून, म्हणजे टीएचडी. त्याचं शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या सुमारे ८० फूट खाली आहे. म्हणजे विहारचा सांडवा खरं तर समुद्राच्या सरासरी पातळीपासून पंचावन्न-छप्पन्न मीटरवर.

आता दुसरं टोक बघा. सखल भूखंडावर बांधकामाला परवानगी देताना अट असते की जमीन निदान ९२ फूट टीएचडीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत भरून घ्या. ९२ फूट म्हणजे २८.०४ मीटर. विहारपासून तिथपर्यंत घट ५२ मीटर. ऐकायला भरपूर, पण ती जवळजवळ सगळी वरच्या टप्प्यातच खर्च होते. कुर्ल्यापासून माहीमपर्यंत जमीन ताटासारखी सपाट.

आणखी एक गोंधळ दर पावसाळ्यात दिसतो. लोक "भरती ४.८ मीटर" आणि "मिठीची पातळी ३.९ मीटर" यांची तुलना करतात. ही तुलनाच होत नाही. भरतीची उंची सागरी नकाशाच्या शून्यावरून असते, तलावांची टीएचडीवरून, आणि क्रांतीनगरच्या मोजपट्टीचं शून्य तिसरंच. १९ ऑगस्ट २०२५ ला क्रांतीनगरला ३.९ मीटरची नोंद झाली आणि काठावरच्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना हलवावं लागलं, त्या दिवशीही हाच घोळ सगळीकडे फिरत होता.

ओपन_चॅनेल

सपाटीचा मुद्दा आकड्यांत मांडतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोड पुलापासून माहीम कॉजवेपर्यंत नदी सुमारे ६ किमी. मोठ्या भरतीला समुद्र ९२ फुटांच्या पातळीपेक्षा जेमतेम सव्वा मीटर खाली असतो. म्हणजे कुर्ल्याला पाणी काठोकाठ आलं असताना पृष्ठभागाचा उतार मिळतो सव्वा मीटर भागिले ६,००० मीटर, साधारण १ ला ४,८००. पूर्ण ओहोटीला समुद्र आणखी चारेक मीटर खाली जातो, तेव्हा उतार चौपट होतो. वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याच पात्रातून भरतीला पाणी ढोबळमानाने निम्म्या वेगाने जातं. ओहोटीला मुखाशी खोली कमी असल्यामुळे प्रत्यक्ष फरक इतका सरळ नसतो, पण दिशा हीच.

आता येणारं पाणी. नाल्याचं गणित सोपं आहे: क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मिमीमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून वाहून येण्याच्या गुणांकाने गुणा आणि ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला घनमीटर. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस, ओहोटीची वेळ आणि गुणांक ०.५ धरून बांधलेली. म्हणजे निम्मं पाणी जमिनीत मुरेल हे गृहीत. १०० हेक्टरच्या नाल्याला ते येतं ३.५ घनमीटर. पर्जन्यवाहिन्या सुधारण्यासाठीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड आराखड्याने ५० मिमी आणि गुणांक १ धरला, कारण मुरायला मोकळी जमीन उरली नाही. तोच नाला, आता १३.९ घनमीटर. चौपट. नाल्याची रुंदी मात्र दोन्ही बाजूंच्या भिंतींनी बांधलेली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका तासात १९० मिमी पडला होता. कुठलाही नाला त्या हिशेबाने बांधत नाहीत, बांधूही शकत नाहीत.

नवा_भाडेकरू

मग नदी खोल करा. दहा फूट खोल खणली की प्रश्न मिटला.

तिवर

नाही मिटत. कुर्ल्याच्या खाली कितीही खणा, खणलेल्या खड्ड्यात भरतीचं पाणी येऊन बसतं. आधीच भरलेल्या टाकीत तुम्ही पाणी ओतणार.

ओपन_चॅनेल

@तिवर, अर्धंच बरोबर. खणलेला भाग समुद्राच्या पाण्याने भरलेला असला तरी वाहायला मदत करतो. प्रवाहाला आडवा छेद लागतो, तो छेद पाण्याखाली असला म्हणून वाया जात नाही. पृष्ठभागाला उतार असेल तर सगळं पाणी, तळाचंसुद्धा, पुढे सरकतं.

खोलीकरणाची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, पाण्याची मुखाशी असलेली पातळी समुद्र ठरवतो, ती खणून खाली येत नाही. दोन, खाडीत खणलेला खड्डा टिकत नाही. भरतीबरोबर गढूळ पाणी आत येतं, भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर वेळेत गाळ तळाशी बसतो, ओहोटीचा वेग तो उचलायला पुरत नाही. जितकं जास्त खणाल तितका तिथला वेग कमी आणि गाळ लवकर.

म्हणून खालच्या भागात रुंदी खोलीपेक्षा मोलाची. २००५ नंतर रुंदीकरण झालं त्याचा उपयोग झाला. मधल्या टप्प्यात सुमारे २५ मीटर आणि खाली ७० मीटरपर्यंत पात्र नेलं, ते नसतं तर नंतरचे बरेच पावसाळे जड गेले असते.

तिवर

मान्य. पण रुंदीबद्दल बोलतोच आहोत तर मुख कसं आवळलं गेलं तेही येऊ द्या. माहीम कॉजवे १८४० च्या दशकातला, लेडी जमशेटजींच्या देणगीतून झालेला. त्याआधी इथे उघडी खाडी होती. मग रेल्वेचे पूल. मग १९७० च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठीचा भराव. जिथे भरतीचं पाणी पसरायचं ती दलदल गेली आणि नदी दोन भिंतींत आली.

उरलेल्या खारफुटीला हात लावताना लोकांना वाटतं की झाडं काढली की प्रवाह मोकळा होईल. इथे मुख्यतः तिवर आहे. त्याची वर आलेली श्वसनमुळं गाळ धरून ठेवतात. कडेची ही पट्टी तोडली की तो मोकळा झालेला गाळ पात्राच्या मधोमध जाऊन बसतो. शिवाय उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे खारफुटीत काम करायला परवानगी लागते, आणि ठेकेदार यंत्र आणून उभं करतो तेव्हा ती हातात नसते. मे महिन्याचे दोन आठवडे असेच जातात. परवानगीचा अर्ज नोव्हेंबरातच जायला हवा.

मुकादम

गाळावर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त थापा चालतात.

यंत्रं तीन तऱ्हेची लागतात. काठावर रस्ता असेल तिथे लांब हाताचं पोकलेन. पात्र रुंद असेल तिथे तराफ्यावरचं पोकलेन, जे गाळ काठाकडे ढकलतं आणि काठावरचं दुसरं यंत्र तो उचलतं. पुलाखाली आणि अरुंद जागी गाळ ढकलणारं छोटं यंत्र, नाहीतर माणसं. काठाला सलग रस्ता नसेल तर तराफा आणूनही उपयोग नाही, कारण ढकललेला गाळ उचलायला डंपर पोचत नाही. झोपड्या भिंतीला टेकलेल्या आहेत तिथे दर वर्षी काम याच कारणाने अडतं.

काढलेला गाळ एक-दोन दिवस काठावर निथळू द्यायचा असतो. ओला भरला तर डंपर रस्त्यावर सांडत जातो आणि वजनकाट्यावर पाण्याचे पैसे मोजावे लागतात. उलट फार दिवस ठेवला आणि अवकाळी सर आली तर अर्धा परत नदीत.

आता टनांचा हिशेब. मिठीतून दर वर्षी साधारण दोन लाख टन गाळ काढायचं ठरतं. ओल्या गाळाचं एक घनमीटर सुमारे दीड टन धरा. म्हणजे १ लाख ३३ हजार घनमीटर. १७.८४ किमीवर पसरला तर दर मीटर लांबीला साडेसात घनमीटर. सरासरी रुंदी ४० मीटर धरली तर थर येतो १९ सेंटिमीटर. वीतभर. कागदावरचा आकडा शंभर टक्के खरा असला तरी सगळ्या नदीचा तळ एवढाच खाली गेला. बातमीतला "दोन लाख टन" वाचून लोकांना वाटतं नदी रिकामी झाली.

म्हणून टन विचारूच नका, आडवे छेद मागा. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, ठराविक अंतरांवर, त्याच खुणेवरून, तळाची पातळी टीएचडीमध्ये. दोन छेदांच्या मधलं क्षेत्रफळ गुणिले अंतर म्हणजे निघालेला गाळ. खालच्या भागात आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच भरती-स्थितीत घ्यायचं, नाहीतर दोरी कुठून सोडली यावरच वाद. वजनकाट्याच्या पावत्या, गाडी क्रमांक आणि फोटो यांवर भरवसा ठेवायचे दिवस गेले. २०२५ मध्ये गाळउपशातल्या कथित गैरव्यवहाराबद्दल पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हाच नोंदवला आहे. प्रकरण चालू आहे, म्हणून त्यावर जास्त नको.

जुना_पाटकरी

+१. त्यात पुलांची भर घालतो. गाळापेक्षा पुलाखालच्या आडव्या वाहिन्या जास्त त्रास देतात. पुलाच्या तुळईखालून कुणीतरी जलवाहिनी, कुणीतरी केबलचा गठ्ठा नेलेला असतो. नदी भरून आली की गाद्या, थर्मोकोल, झाडाच्या फांद्या त्याला अडकतात आणि पुलाखालची उघडी जागा तासाभरात अर्धी होते. वरच्या बाजूला पाणी फुगतं, खालच्या बाजूला नदी शांत दिसते. पुलाच्या दोन्ही बाजूंना पातळीत हातभर फरक दिसला तर अडथळा तिथेच आहे, नदीभर शोधत बसू नका.

आणि विमानतळ. नदी तिथे धावपट्टीखालून नेलेली आहे आणि वाटेत काटकोनात वळवलेली आहे. २००५ च्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने २००६ च्या अहवालात या वळणांवर बोट ठेवलं होतं. काटकोनाच्या वळणावर प्रवाहाची ताकद भिंतीवर आपटून जाते, आतल्या बाजूला गाळाचा ढीग बसतो, आणि तो भाग विमानतळाच्या कुंपणाआड असल्यामुळे नजरेला पडत नाही.

कलिना_तळमजला

२६ जुलैला विहार फुटला म्हणून पूर आला असं अजून ऐकू येतं.

जुना_पाटकरी

विहार फुटला नव्हता. फुटला असता तर इथे चर्चा करायला कुणी उरलं नसतं.

तलावाने उलट नेहमी मदतच होते, रिकामा असेल तर. हिशेब करा: विहार आणि तुळशी मिळून पाणलोट २५.७२ चौ.किमी. त्यावर त्या दिवशीच्या सांताक्रूझइतकाच ९४४ मिमी पडला असं धरलं तर २,४२८ कोटी लिटर पाणी होतं. विहारची पूर्ण क्षमता २,७७० कोटी. म्हणजे तळ गाठलेला विहार अख्खं २६ जुलै पोटात घेऊ शकतो. पण जुलैअखेरीला तलाव भरत आलेला असतो, आणि पिण्याच्या पाण्याचा तलाव पुराच्या भीतीने रिकामा ठेवायला कुणी तयार होत नाही, तेही रास्तच. विहारमधून शहराला दिवसाला ९० दशलक्ष लिटर मिळतं, या उपशाने तलाव पावसाच्या वेगाने उतरत नाही. जादा पाणी मिठीत न सोडता भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवायची कल्पना पुढे आली आहे. पाणीही मिळेल आणि मिठीचा भारही हलका होईल, पण त्यासाठी पंप सांडवा वाहायच्या आधीपासून चालवावे लागतील.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी. दक्षिण मुंबईत बसलेल्यांना उशिरापर्यंत कल्पना आली नाही ती यामुळे. वर भरती दुपारी चारच्या सुमाराला, ४.४८ मीटर. पाऊस दुपारी अडीचपासून. डोंगराचं पाणी आणि समुद्र कुर्ला-कलिन्यात समोरासमोर आले.

नवा_भाडेकरू

तो नवीन बोगदा होतोय त्याने पूर कमी होईल ना?

सांडवा

नाही, तो सांडपाण्याचा आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाल्यातून कोरड्या दिवसांत येणारं सांडपाणी अडवून धारावीच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं. लांबी ६.७ किमी, आतला व्यास २.६ मीटर, दिवसाला १६८ दशलक्ष लिटर. वर फिल्टरपाड्याला ८ दशलक्ष लिटरचं छोटं प्रक्रिया केंद्र वेगळं. धारावीचं नवं केंद्र ४१८ दशलक्ष लिटरचं.

१६८ दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला दोन घनमीटरही नाही. वर १०० हेक्टरच्या एकट्या नाल्याला १३.९ आले होते. पावसात हा बोगदा पुरापुढे काहीच नाही, त्याचं कामही ते नाही. उन्हाळ्यात पाण्याचा रंग आणि वास बदलला तर त्याचं यश. तेही नाल्यात ड्रम धुणाऱ्यांनी आणि गोठ्यांनी सोडलेलं पाणी वेगळं अडवलं तरच, कारण तेल-रसायनं आली की प्रक्रिया केंद्रातले जिवाणूच मरतात.

कलिना_तळमजला

मोठ्या योजना होतील तेव्हा होतील. तळमजल्यावाल्यांनी करायचं काय, ते कुणी लिहील का? इशारा बघायचा कसा आणि घरात उलटं येणारं पाणी अडवायचं कसं?

ओपन_चॅनेल

इशाऱ्यासाठी तीन गोष्टी एकत्र बघा, सुट्या नाही. पहिली, विहार आणि पवई ओसंडले का. दुसरी, पुढची भरती किती वाजता आणि साडेचार मीटरच्या वर आहे का (भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कालची वेळ आज धरू नका). तिसरी, पवई-मरोळ बाजूच्या पर्जन्यमापकाचा तासाचा आकडा, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर मिळतो. तलाव भरलेले, भरतीला तीन तासांहून कमी वेळ, आणि वर तासाला ५० मिमीच्या पुढे पाऊस असं जुळलं तर गाडी हलवा, मीटरचा मुख्य स्विच बंद करायची तयारी ठेवा. हवामान खात्याचा "अत्यंत मुसळधार" म्हणजे २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर. तो आकडा दिवसाचा आहे, तुमचं घर बुडतं ते तासाच्या आकड्याने. मदतीला १९१६.

मुकादम

उलट्या पाण्यासाठी एकमार्गी झडप. इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये बसवायची, प्रत्येक संडासाखाली वेगवेगळी नाही. वाहिनीच्या मापाचीच घ्या, १५० मिमीच्या वाहिनीला ११० ची बसवली की तिथे तुंबणारच. बाणाची दिशा रस्त्याकडे. बिजागरी वरच्या बाजूला, नाहीतर पाकळी उघडीच राहते.

बिघडतात त्या दोनच कारणांनी. पाकळीत प्लास्टिक किंवा कापड अडकतं आणि ती पूर्ण मिटत नाही, किंवा रबर कडक होऊन चिरतं. मेच्या शेवटी झाकण उघडून पाकळी हाताने हलवून बघायची, रबर नखाने दाबून बघायचं, ग्रीस लावायचं नाही कारण त्याला केस चिकटतात. आणि हे ध्यानात ठेवा, झडप बंद असते तेव्हा इमारतीचं स्वतःचं पाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यांनी तेवढा वेळ नळ बंद ठेवले नाहीत तर त्यांचंच पाणी तळमजल्याच्या मोरीतून वर येतं. सोसायटीत हे आधी सांगून ठेवा. जमल्यास चेंबरशेजारी छोटा खड्डा आणि अर्ध्या अश्वशक्तीचा मैलापाण्याचा बुडीत पंप, त्याची बाहेरची नळी पुराच्या खुणेपेक्षा वर नेऊन मग रस्त्याकडे. वीज गेली की पंप बंद, त्यामुळे पंप असला तरी झडप लागतेच.

तिवर

पुराच्या पाण्यात पायाला जखम असताना चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, लेप्टोस्पायरोसिसवरचं प्रतिबंधक औषध त्याच मुदतीत घ्यायचं असतं. ताप येण्याची वाट बघू नका.

कलिना_तळमजला

@मुकादम, आमच्याकडे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच चेंबरला जोडलंय. मग?

मुकादम

मग आधी ते वेगळं करा. गच्चीचं पाणी त्या चेंबरला असेल तर झडप मिटल्यावर तासाला ५० मिमी पावसात २०० चौ.मी. गच्चीचं १०,००० लिटर पाणी तुमच्याच आवारात वर येईल, आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ते ओढेल याची खात्री नाही. पन्हळीचे पाईप जमिनीपासून फूटभर वर तोडून पाणी उघड्या गटारात सोडा. जोडणी बदलायला वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते आणि परवानाधारक प्लंबरच लागतो. पावसाळा लागला की रस्ता खणायची परवानगी मिळत नाही, त्यामुळे अर्ज जानेवारीतच टाका.